बेथेलला जाणारी जीप

जोरी पास्कोच्या जीपमध्ये बसायचं तर एक नियम पाळावा लागे. चढ लागला की त्याच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर दोरी ओढायची. ती दोरी मागच्या सीटपासून छताखालच्या कड्यांमधून पुढे गेलेली होती, आणि तिच्या टोकाला, काचेच्या वर, खाणीतली जुनी पितळी घंटा टांगलेली होती. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे मागे. तीन म्हणजे आत माणसं आहेत, सावकाश चल.

हे खूळ नव्हतं, सवय होती. सव्वीस वर्षं तो ग्लॅड मॉर्निंग खाणीच्या तोंडाशी यंत्रावर बसून माणसांचा पिंजरा खाली सोडत आणि वर ओढत होता. पिंजरेवाल्याला पिंजरा कधी दिसत नाही. चौदाशे फूट खाली माणसं असतात, वर हा एकटा. मधे दोर, घंटा, आणि समोरच्या मोठ्या चाकावर पांढऱ्या रंगाने काढलेल्या खुणा. यंत्र चालू असताना त्याच्याशी जो बोलेल त्याची त्या दिवशीची हजेरी बुडायची. खाण बंद होऊन जमाना झाला, आमचं टॅलस गाव निम्मं रिकामं झालं, पण जोरी काही त्या यंत्रावरून उठला नाही. यंत्राच्या जागी जीप आली, एवढंच. चाकावरच्या खुणा त्याने रस्त्यावर आणल्या. खिंडीच्या रस्त्याला प्रत्येक अवघड वळणावर एक दगड त्याने पांढरा रंगवून ठेवला होता आणि दर जूनमध्ये, बर्फ हटलं की, पुन्हा रंगाचा हात देऊन यायचा.

जुलैच्या शेवटच्या रविवारी तो बेथेलला जायचा. बेथेल म्हणजे खिंडीपाशी बारा हजार फुटांवर, छप्पर उडालेलं, खाणकामगारांचं देऊळ. वस्ती कधीच उठली; राहिल्या चार भिंती, एक गंजलेला बॉयलर आणि उतारावर झोकांड्या खात उभे असलेले रोपवेचे लाकडी खांब. वर्षातून एकदा आम्ही तिथे जमतो आणि जोरी उपदेश करतो, तोही गाऊन. सुरुंगांनी कान गेलेल्या त्या जुन्या माणसांना बोललेलं ऐकू येत नसे, गायलेलं येई, म्हणून तिथे ट्रॉम्बोनच्या साथीने उपदेश गायचीच रीत पडली. मी या गावात नर्स म्हणून आले त्याला छत्तीस वर्षं झाली. पहिल्याच उन्हाळ्यात जोरीचा उपदेश ऐकला आणि उभ्या जागी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आईच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेली मी. वाटलं, देवा, तू इथेही उभा आहेसच की, फक्त टाळाच्या जागी ट्रॉम्बोन घेऊन.

या वर्षी मात्र त्या रविवारच्या आदल्या दिवशी डेन्व्हरहून जोरीची लेक मेरिन आली. पन्नाशीची, शाळेत गणित शिकवणारी, बापासारखीच रुंद हनुवटीची. ती आली होती जीपची किल्ली घ्यायला.

रविवारी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पास्ट्या रुमालात गुंडाळत होते. मटण, बटाटा, सलगम भरलेल्या, काठाला मुरड घातलेल्या, अजून गरम.

"बाबा, एकोणऐंशी वर्षं म्हणजे काय खेळ आहे का?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मेमध्ये एकोणऐंशी झाली. केक मीच पाठवला होता."

"तो केक होय? मला वाटलं उशी आली." जोरी खुर्चीत मागे रेलला. "नर्सबाई, सांगा हिला. या खिंडीच्या रस्त्यावर माझ्यासारखा कोण आहे?"

मी म्हटलं, "मला मधे घेऊ नका. मी पास्ट्यांची माणूस."

"आणि तुम्ही माझ्याकडे असं कोंबडीसारखी मान वाकडी करून का बघताय?" मेरिन बापाला म्हणाली.

"तू सरळ बघण्यासारखी राहिली नाहीस म्हणून."

ती हसली, पण तिने विषय सोडला नाही. मीही ती वाकडी मान पाहिली होती. महिन्याभरापूर्वी त्याने माझ्यासाठी चहा ओतला तो कपाच्या शेजारी ओतला होता आणि म्हणाला होता, कपच सरकला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. कारण किल्ली गेली की बेथेल गेलं, हे मला माहीत होतं. डोंगरात जोरी कधी दुसऱ्याच्या गाडीत बसला नव्हता. त्याची शपथच होती. माणसं वर नेणारा मी, मला कोण नेणार? गावातल्या कुणीही त्याला हौसेने नेलं असतं, पण त्याने घरात बसून राहणं पत्करलं असतं. आणि मेरिनचा तर प्रश्नच नव्हता. सात वर्षांची असताना तिने त्या कड्यावरून खाली पाहिलं होतं, त्यानंतर चाळीस वर्षांत ती एकदाही वर आली नव्हती.

शेवटी जोरीनेच किल्ली टेबलावर ठेवली. "आज तू चल. मागे बस. मी एक चूक केली तर किल्ली तुझी. नाही केली तर मी मरेपर्यंत हा विषय काढायचा नाही."

"मी? तिकडे वर?"

"चूक बघायला नको का कुणीतरी? नर्सबाई तर माझ्या बाजूच्या."

मेरिनने कोट घातला. तिच्या ओठांचा रंग गेला होता, पण कोट तिने घातला.

गावाबाहेर पूल ओलांडला की रस्त्याचं डांबर संपतं. तिथे जोरीने उतरून चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडली, जीप खालच्या गिअरमध्ये टाकली आणि तोंड मिटलं. त्या दिवसाची सकाळ काय सांगावी! खाली नदी खाणींच्या गंजाने केशरी रंगाची वाहत होती, जणू कुणी तिच्यात हळदकुंकू कालवलंय. वर उतारभर निळी-पांढरी कोलंबाइन फुललेली, सावलीच्या घळींमध्ये जुलैतही बर्फाचे पांढरे तुकडे, आणि दगडावर उभी राहून खारीच्या जातीची एक लठ्ठ मार्मोट आमच्याकडे सासूसारखी बघत होती. जीप डुलत, दगडांवर पाय टेकत चढत होती. एकेक पांढरा दगड येई आणि जोरी त्याच्यापाशी अलगद वळण घेई. एकही धक्का नाही. मी पुढे त्याच्या शेजारी होते, मेरिन मागे दोरीपाशी, डोळे गच्च मिटून.

"मावशी, संपलं का?" ती माझ्या कानात कुजबुजली.

"अजून सुरूच नाही झालं गं."

सुरू झालं ते पडद्याचं वळण म्हणतात त्याच्यानंतर. तिथे रस्ता कड्याच्या पोटात फळीसारखा बसवलाय. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला आकाश. गाडी मावेल एवढीच रुंदी. आणि समोरून, वरून खाली, एक भाड्याची लाल जीप आली आणि थांबली.

डोंगरातला रिवाज असा की चढणाऱ्याचा मान पहिला; उतरणाऱ्याने मागे जायचं. पण लाल जीपमधल्या माणसाने दोन्ही हातांनी स्टिअरिंगला मिठी मारली होती. त्याची बायको खिडकीतून ओरडली, "आम्ही कॅन्ससचे आहोत हो! आमच्याकडे रस्ता सपाट असतो!"

मी उतरून त्यांच्याकडे गेले. तो बिचारा घामाने भिजला होता. मागे जायचं नाव काढलं की डोळे पांढरे करी. मी येऊन जोरीला तसं सांगितलं. गाडी उभी होती, तेव्हा बोलायला हरकत नव्हती.

"राहू दे," जोरी म्हणाला. "आपणच मागे जाऊ. शंभर पावलांवर रुंद जागा आहे. मेरिन, तू उतर. मागे जाऊन बघ. नर्सबाई, दोरी तुमच्याकडे."

मी मागच्या सीटवर बसले. मेरिन खडकाला पाठ घासत जीपच्या मागे गेली. मी दोन टोले दिले आणि जीप मागे निघाली. पन्नास पावलं अगदी दोऱ्यात ओवल्यासारखी गेली. मग मेरिनचा आवाज आला, "बाबा, थांबा!"

जीप चालतच राहिली.

"बाबा! कडेला चाललात! थांबा म्हणते ना!"

जोरीच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही. त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही. पण आवाजावर पिंजरा थांबवायचा नाही, हे त्याच्या हाडात बसलेलं. खालून शंभर माणसं ओरडली तरी नाही. मी डाव्या हाताने देवाचं नाव धरलं आणि उजव्याने दोरी. एकच टोला दिला.

जीप जागच्या जागी खिळली. मागच्या डाव्या चाकाखालून एक दगड सुटला. तो खाली कुठे पोचला ते आम्हाला बराच वेळ ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं तेव्हा मी उगाचच "झालं" म्हणाले.

जोरी उतरला. चाकापाशी जाऊन त्याने मान वाकडी केली, मग गुडघ्यावर बसला आणि हाताने चाचपून पाहिलं. चाक आणि कडा यांच्यात त्याची चार बोटं बसली. पाचवं बसलं नाही.

"माझा दगड कुठाय?" तो म्हणाला. "मी दगडावर नेम धरून येत होतो. हा काय, समोरच आहे."

मेरिनने पाहिलं. मीही पाहिलं. कड्याखालच्या घळीत बर्फाचा एक तुकडा पांढराशुभ्र चमकत होता. त्याचा दगड त्याच्याही अलीकडे, चार हात उजवीकडे, होता तिथेच होता.

"बाबा," मेरिन हळूच म्हणाली, "तो बर्फ आहे."

मला वाटलं, जोरी आता भांडेल. बर्फाला शिव्या देईल, कॅन्ससला देईल. पण तो उठला, त्याने पँटची धूळ झटकली आणि हसला. अगदी मोकळं, पोटातून.

"मधलं दिसत नाही मला," तो म्हणाला. "नाताळपासून. कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलं तेवढं गायब. तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं, पोरी. आणि तुझे कान काही तुझ्या आईसारखे नाहीत."

"आणि तुम्ही मावशींना घेऊन... बाबा!"

"रस्ता पाठ होता गं. पण बर्फ पाठ कसा असणार? तो दर वर्षी नवा." त्याने मेरिनचा हात उलटा केला आणि तिच्या तळव्यावर किल्ली ठेवली. "पिंजरेवाल्याला चाकावरच्या खुणा दिसेनाशा झाल्या की दुसऱ्याने सांगायच्या आत त्याने उठायचं असतं. मी सात महिने उशिरा उठलो. घे."

किल्ली मिळाली तसं मेरिनचं तोंड रडवेलं झालं. कारण जीप अजून तिथेच होती, चार बोटांवर. आणि ती चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. मी गाव सोडून कुठे गाडी चालवलेली नाही, आणि कॅन्ससवाला तर देवाच्या धाव्यात गुंतला होता.

"मला नाही जमणार."

"तुला कुणी बघायला सांगितलंय? मीही कधी बघितलं नाही. बस. घंटा ऐक."

त्याने कड्यांमधून दोरी सोडवून मागच्या खिडकीतून बाहेर घेतली आणि जीपच्या मागे जाऊन उभा राहिला, बुटाने रस्त्याची कड चाचपत. मेरिन बसली. मी पुन्हा मागच्या सीटवर बसले. आधी तीन टोले आले. सावकाश. ती हातभर पुढे आली, चाक आत आलं. मग दोन टोले. ती मागे निघाली. एक. थांबली. दोन. निघाली. जोरी मागे मागे पाऊल टाकत होता आणि लेक त्याच्या घंटेवर येत होती, आणि मी मधे बसून मनातल्या मनात जेवढी भजनं येत होती तेवढी सगळी एकात एक मिसळत होते. रुंद जागा आली तेव्हा मेरिनने ब्रेक दाबला, डोळे मिटले आणि श्वास सोडला. तो श्वास तिने बहुतेक सात वर्षांची असताना घेतलेला असावा.

लाल जीप हळूहळू आमच्या शेजारून गेली. कॅन्ससच्या बाईने खिडकीतून हात घालून माझ्या हातात वेफर्सची पुडी कोंबली. उंचीवरच्या हवेने ती उशीसारखी फुगली होती आणि हातात येताच फाटकन फुटली. सगळ्यांच्या कोटांवर वेफर्स. नवरा पहिल्यांदा हसला.

आता जीप वळवायला जागा होती. खाली गाव. वर बेथेल. जोरी पुढच्या दाराने चढून मेरिनच्या शेजारी बसला, जिथे सकाळी मी होते तिथे. डोंगरात तो प्रथमच त्या बाजूला बसत होता. वर चल म्हणाला नाही. ते मला सगळ्यात जड गेलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो नुसता बसला होता.

मेरिनने खाली पाहिलं. मग वर.

"ते सुरू करतील का तुमच्याशिवाय?"

"नाही करणार. बसतील तसेच. दोन वाजता विजा पडायला लागतील, भिजतील आणि मला शिव्या देतील."

"म्हणजे माझ्यामुळे पुण्यवान माणसं शिव्या देणार."

"ट्रॉम्बोनवाला हर्मन नक्की देणार. तो फारसा पुण्यवान नाही."

मेरिनने खालचा गिअर टाकला. तिने जीप वर घेतली. मी पदर नसताना पदर शोधला डोळे टिपायला, मग पास्टीचा रुमाल घेतला.

बेथेलमध्ये चाळीसेक माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसून होती. जीपच्या डाव्या दाराने मेरिन उतरली आणि उजव्या दाराने जोरी, तशी सगळी कुजबुज थांबली. हर्मनने ट्रॉम्बोन तोंडाला लावून एकच लांब सूर दिला, आणि जोरी भिंतीच्या त्या कोपऱ्यात गेला जिथे पूर्वी व्यासपीठ होतं.

दर वर्षी त्याचा उपदेश एकच असे. देव हा पिंजरेवाला. तो आपल्याला दिसत नाही, आपण त्याला दिसत नाही, पण प्रार्थनेची दोरी ओढली की त्याला घंटा ऐकू जाते. आम्हाला तो पाठ होता आणि पाठ होता म्हणूनच गोड लागे. त्या दिवशीही त्याने तसंच उचललं, खालच्या पट्टीत. मग मधेच थांबला. मान वाकडी करून त्याने आमच्यातली मेरिन शोधली आणि सूर वर नेला.

"मी वरती बसलो होतो, भावांनो, सव्वीस वर्षं मी वरती बसलो होतो. मला वाटलं, ओढणं अवघड, बसणं सोपं. आज मी पिंजऱ्यात बसून आलो!"

"बसून आला!" हर्मन ओरडला, आणि मग सगळे.

"आणि पिंजऱ्यात बसणाऱ्याची किती फाटते, बहिणींनो, हे मला कुणीच का नाही सांगितलं?"

हसण्याने त्या चार भिंती भरल्या. ज्यांचे बाप-आजे त्याच्या पिंजऱ्यातून गेले होते ती माणसं डोळे पुसत हसत होती. मग त्याने गायलं की आपण सगळे जन्मभर वर बसलेले असल्यासारखे वागतो, आणि देव एखाद दिवशी हाताला धरून अलगद शेजारच्या सीटवर बसवतो, आणि तिथूनच पहिल्यांदा डोंगर दिसतो. त्याने डोंगराचं वर्णन केलं, जो त्याला दिसत नव्हता. ट्रॉम्बोन त्याच्या मागे मागे येत होता. छपराच्या जागी निळं आकाश होतं. मी खूप उपदेश ऐकलेत, गायलेले आणि बोललेले, दोन देशांत. त्या दिवसासारखा नाही. मेरिन तर उघड्या तोंडाने ऐकत होती. बापाचा उपदेश ती प्रथमच ऐकत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पास्ट्या संपल्या तोवर पश्चिमेकडे, टॅलसच्या बाजूला, ढगांनी डोकं वर काढलं. खुर्च्या घड्या झाल्या, गाड्या निघाल्या. बेथेलच्या वर शंभर पावलांवर खिंड आहे. मेरिन गाडी वळवायला म्हणून तिथवर गेली आणि थांबली. रस्ता पलीकडे उतरत होता.

"तिकडे काय आहे?"

"तिकडे?" जोरीने नाक मुरडलं. "तिकडे लकी विडो खाणवाले. त्यांच्या बँडने चौपन्न साली आमच्या बँडला हरवलं, तेही परीक्षकाला बिअर पाजून. टॅलसचा माणूस तिकडून उतरत नाही."

"बाबा, ती खाण तुम्ही कामाला लागायच्या आधी बंद पडली."

"तरी."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांत तुम्ही हा डोंगर अर्धाच पाहिलाय?"

"एकोणऐंशी," जोरी म्हणाला.

मी त्या बाजूने दहा वेळा जाऊन आले होते. तिकडचं तळं काय सुंदर आहे! पण मी अवाक्षर काढलं नाही. मागे काळे ढग होते, पुढे ऊन होतं. मेरिनने माझ्याकडे आरशात पाहिलं, मी डोळे मिचकावले, आणि तिने जीप पलीकडे सोडली.

तिथे जोरीचा एकही दगड रंगवलेला नव्हता. एकही वळण त्याला पाठ नव्हतं. थोडा वेळ तो ताठ बसून राहिला, मग खिडकीवर हात ठेवून पुढे वाकला.

"काय दिसतंय गं?"

"पिवळ्या मातीचा ढीग आहे. त्याच्यावर एक घर, अर्धं पडलेलं. खिडकीतून झाड बाहेर आलंय."

"लकी विडोवाल्यांचं घर असंच असणार. आणि?"

"मेंढ्या. नाही, दगड. नाही, मेंढ्याच आहेत, शिंगांच्या. खडकावर उभ्या."

"किती?"

"नऊ. आणि खाली खूप खोल काहीतरी निळं आहे."

"निळं म्हणजे केवढं निळं?"

"थांबा की बाबा, वळू तर द्या मला!"